चुलीवरची कणसं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरात चुलीच्या वर, आढ्याखाली एक बांबू आडवा बांधलेला असे. त्याला जवारीची निवडक कणसं टांगलेली. आजी म्हणायची, "धूर बसला का किडा नाही लागत त्याले." पेरणीच्या तोंडावर कणसं खाली उतरायची, तेव्हा ती काळपट, चिकट झालेली असत. हात लावला की बोटांना वास राही. चोळली की आतून पांढरा, टपोरा दाणा निघे. आजी तो तळहातावर धरून उजेडात बघायची, आणि बघताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचं. ते सतत वाहायचंच. आम्हाला वाटे, म्हाताऱ्या माणसांचे डोळे असेच असतात.

ती तेराव्या वर्षी लग्न होऊन आली, तेव्हा तिची सासू आंधळी झालेली होती. चाचपडत चुलीपाशी यायची आणि सरपणाला नाक लावून सांगायची, हे बाभळीचं, लाव. हे पळसाचं, राहू दे. बाभूळ निखारा धरते, पळस नुसता धुपतो. पिंपळ आणि उंबर चुलीत घालायचे नाहीत. बाकी वर्षभर पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या. सरपणाचं हे सगळं शहाणपण बायकांचं होतं. धूरही त्यांच्याच वाट्याला होता.

बाहत्तरच्या दुष्काळाची गोष्ट तिनं मला अनेकदा सांगितली. लोक सांगतात ती पाण्याची आणि धान्याची. आजीची गोष्ट सरपणाची होती. रेशनवर लाल मिलो मिळत होता, पण तो शिजवायला जाळ नव्हता. गुरं विकली, म्हणून शेण नाही, गोवऱ्या नाहीत. कपाशी वाढलीच नाही, म्हणून पऱ्हाटी नाही. दिवसभर कामावर गिट्टी फोडायची आणि परतताना शेतातली धसकटं उपटून, माती झटकून पदरात आणायची. अर्धवट ओली, मुळांसकट. "जाळ कमी अन् धूरच जास्त," ती सांगायची, "तुया बापाले मांडीवर घेऊन फुंकनी फुंकत बसो." माझे वडील तेव्हा दोन वर्षांचे. त्या वर्षी त्यांची छाती भरली ती पुढेही दर हिवाळ्यात भरत राहिली.

पुढे आमच्याकडे धुराड्याची निर्धूर चूल बसवली गेली. सिमेंटचा पाइप छपरातून बाहेर काढलेला. पहिले काही महिने घरात खरोखर मोकळं वाटलं. मग पाइपात काजळी साचली, ती कुणी काढली नाही. आणि आजीची तक्रार वेगळीच होती: कणसांना कीड लागली. छपराच्या बांबूंना भुंगा लागला. तिनं एके दिवशी तो पाइप स्वतः काढून टाकला. शिकलेली मी तेव्हा तिच्यावर चिडले होते. आज चिडत नाही. तिच्यापुढे हिशेब होता तो पुढच्या पेरणीचा. छातीचा हिशेब तिला कुणी मांडून दाखवलाच नव्हता.

तो मांडला गेला, पण उशिरा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी संशोधक गुजरातच्या खेड्यांत गेले आणि चुलीपाशी बसलेल्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी याच धुराला दिली. 2009 मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की कधीही सिगारेट न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार होतो आणि त्यामागे चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे. आजी त्याच्या दोन वर्षं आधी गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, बिडी ओढता का? ती दुखावली. "म्या काय बिडी वढतो काय बापा?" चुलीबद्दल कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. चूल ही काय सांगायची गोष्ट? कागदावर 'दमा' लिहिलं गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या अशा धुरानं 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख माणसं गेली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं. हा आकडा वाचला की मला धसकटं आठवतात.

आता हवामानाच्या चर्चेत चुलीच्या काजळीचंही नाव येतं. काजळी हवा तापवते, हे खरं आहे. पण एक अमेरिकी माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतीय सुमारे दोन, आणि गावी अजून चूल पेटवणाऱ्या माझ्या काकूसारखी बाई त्याहूनही कितीतरी कमी. बिघडलेल्या ऋतूची झळ मात्र आधी तिच्या चुलीला लागते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा पिकं गेल्याच्या बातम्या आल्या. अंगणात रचलेली पऱ्हाटी आणि गोवऱ्यांचा हुडवा भिजल्याची बातमी कशी येणार? अवकाळी पाऊस म्हणजे ओलं सरपण, आणि ओलं सरपण म्हणजे दुप्पट धूर. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा पत्र्याखाली जाळापाशी बसणं सोसत नाही, म्हणून काकू पहाटे चारला स्वयंपाक उरकते आणि मग निंदनाला जाते.

काकूकडे गॅस आहे. उज्ज्वला योजना 2016 ची. तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर 2019 मध्ये औरंगाबादेतच दिली गेली. ही योजना मला मनापासून मोलाची वाटते. ज्यांनी सगळ्यांत कमी जाळलं, त्यांना तरी गॅस जाळण्याबद्दल कुणी बोल लावू नये. पण 2022 मध्ये सिलिंडर हजारावर गेला. पुढे उज्ज्वलाच्या बायकांना आधी दोनशे, मग तीनशेची सूट मिळाली, तरी काकूचा हिशेब मजुरीच्या रोजांत चालतो. "भरला का चार रोज गेले," ती म्हणते. म्हणून सिलिंडरवर भरतकामाचं फडकं, पाहुण्यांचा चहा गॅसवर, आणि भाकरी, डाळ, आंघोळीचं पाणी चुलीवर.

मागच्या दिवाळीत गेले होते. चुलीवरचा बांबू तसाच आहे, अजून काळा. जवारी आता कुणी पेरत नाही, सरकीची पाकिटं दुकानातून येतात. बांबूला प्लास्टिकची एक पिशवी लटकत होती. मी विचारलं.

"नातवाचा पंप हाय," काकू म्हणाली. "खाली ठेवला का उंदरं कुरतडते."

नातू सात वर्षांचा आहे. रात्री त्याला धाप लागली, तेव्हा तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, त्यावर पाणी शिंपडलं, आणि त्या फुसफुसणाऱ्या धुरात टाचा उंचावून पिशवी काढली.