सँटोरिनी: निघून गेलेल्यांचं बेट

सँटोरिनीला जायचं म्हटलं की प्लॅन आधीच तयार असतो. अथेन्सहून पाऊण तासाचं विमान, किंवा पिरेयस बंदरातून पाच ते आठ तासांची बोट. पांढऱ्या घरांच्या गावात एक खोली, पहिल्याच संध्याकाळी ईयाला सूर्यास्त (स्पेलिंग बघून आपण 'ओइया' म्हणतो, तिथले लोक 'ईया' म्हणतात), मग एक दिवस बोटीतून फेरफटका, आणि परत. फोटो झकास येतात, त्यात वादच नाही.

मंडळी, मी जो चार दिवसांचा प्लॅन सुचवणार आहे त्यात ठिकाणं जवळपास तीच आहेत. फक्त क्रम बदलला आहे. ईया सगळ्यात शेवटी. कारण तो सूर्यास्त पहिल्या दिवशी पाहिला तर नुसता सूर्यास्त असतो. चौथ्या दिवशी पाहिला तर आपण नेमके कशावर उभे आहोत हे कळलेलं असतं.

आधी नकाशा बघून घ्या. सँटोरिनी हे एकसंध बेट नाहीच. ती एका मोठ्या ज्वालामुखीची उरलेली कड आहे, चंद्रकोरीसारखी. समोर थिरासिया नावाचा छोटा तुकडा, आणि मध्ये समुद्राने भरलेला खड्डा, कॅल्डेरा. उत्तर-दक्षिण साधारण 12 किलोमीटर, रुंदी 7 किलोमीटर, पाणी काही ठिकाणी जवळजवळ 400 मीटर खोल. त्या खड्ड्याच्या काठावर, 300 मीटर उंच कड्याच्या टोकाशी, ती प्रसिद्ध पांढरी गावं आहेत. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण तिथे लाव्हा थरावर थर देत पसरत गेला. इथे मामला स्फोटाचा होता.

पहिला दिवस: अक्रोतिरी

बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी आहे. इ. स. पूर्व 1600 च्या सुमाराला इथे एक भरभराटीचं बंदर होतं. (नक्की वर्षावरून पुरातत्त्ववाले आणि कार्बन डेटिंगवाले यांचं अजून जमत नाही. पन्नास-शंभर वर्षं इकडे-तिकडे धरा.) दोन-तीन मजली घरं, फरसबंद रस्ते, रस्त्याखाली गटारं. एका घरात तर वरच्या मजल्यावर संडास आणि तिथून मातीच्या पाइपने खालच्या गटाराला जोडलेलं कनेक्शन. साडेतीन हजार वर्षांपूर्वी!

मग ज्वालामुखी फुटला आणि हे सगळं राखेखाली गेलं. गंमत अशी की ही राख पुढे फार उपयोगी ठरली. 1860 च्या दशकात सुएझ कालव्याच्या कामासाठी सिमेंटसारखी वापरायला ती इथून खणून नेत होते, आणि त्या खाणकामात थिरासियावर जुन्या भिंती उघड्या पडल्या. 1869 मध्ये कालवा सुरू झाला आणि मुंबई युरोपच्या एकदम जवळ आली. म्हणजे मुंबईच्या नशिबात या बेटाची चिमूटभर राख आहे म्हणायची.

अक्रोतिरीचं खरं उत्खनन मात्र 1967 मध्ये सुरू झालं. स्पिरिडॉन मारिनाटोस हा ग्रीक पुरातत्त्वज्ञ. क्रीट बेटावर खणताना त्याला ज्वालामुखीतून येणारा हलका दगड, प्युमिस, सापडला होता. त्यावरून 1939 मध्ये त्याने मांडलं की क्रीटची मिनोअन संस्कृती या स्फोटामुळे बुडाली. हा सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही, कारण क्रीटचे राजवाडे स्फोटानंतरही बराच काळ चालू होते. पण त्याच्या नादात शहर सापडलं. 1974 मध्ये याच उत्खननाच्या जागी अपघातात मारिनाटोसचा मृत्यू झाला. पुढे 2005 मध्ये जागेवरच्या नव्या छपराचा भाग कोसळून एक पर्यटक गेला. त्यानंतर जागा बंद होती ती 2012 मध्ये उघडली.

आता मुख्य मुद्दा. अक्रोतिरीची तुलना सगळे पॉम्पेईशी करतात. पॉम्पेईत राखेखाली माणसं सापडली. अक्रोतिरीत राखेखाली अडकून मेलेलं माणूस अजून सापडलेलं नाही. दागदागिनेही जवळपास नाहीतच. 1999 मध्ये एक छोटी सोन्याची रानबकऱ्याची मूर्ती मिळाली, ती अपवाद म्हणून गाजली.

म्हणजे लोक निघून गेले होते. आणि तेही घाईघाईत नाही. आधी भूकंप झाला. लोक बाहेर पडले, मग परत आले, ढिगारे उपसून रस्ते मोकळे केले, दुरुस्तीला लागले. पडक्या घरांतून काढलेले पलंग बाहेर एकावर एक रचून ठेवले होते. लाकूड कुजून गेलं, पण राखेत पोकळी राहिली. तिच्यात प्लास्टर ओतून ते पलंग आज पाहायला मिळतात. मग राखेचा पहिला पातळ थर पडला, आणि बहुतेक तेव्हाच त्यांनी हात टेकले. मौल्यवान वस्तू उचलल्या आणि बोटींत बसले. कुठे गेले? पोहोचले का? याचं उत्तर नाही. ते रचलेले पलंग मात्र तसेच आहेत, 'आत्ता येतो' म्हणून गेल्यासारखे.

दुसरा दिवस: माकडं आणि काळा दगड

सकाळी फिरा गावातलं प्रागैतिहासिक थेरा संग्रहालय. अक्रोतिरीची बरीच भित्तिचित्रं अथेन्सला आहेत, पण निळ्या माकडांचं चित्र इथे आहे. कड्यावर चढणारी, लांब हातापायांची माकडं, शेपूट वर वळवलेली. ग्रीसमध्ये जंगली माकडं नाहीत, त्यामुळे हे चित्र इजिप्त-आफ्रिकेतल्या माकडांवरून काढलं असणार असं मानत. पण 2020 मध्ये 'प्रायमेट्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. माकडांचे अभ्यासक आणि पुरातत्त्वज्ञ यांनी एकत्र बसून शेपटीची ठेवण आणि अंगकाठी पाहिली, आणि त्यांचं म्हणणं पडलं की यातली माकडं लंगूर आहेत. म्हणजे आपली काळतोंडी वानरं! ती राहतात भारतीय उपखंडात. म्हणजे मेसोपोटेमियामार्गे सिंधू खोऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या व्यापारातून एकतर वानरं तिकडे गेली, नाहीतर वानरं पाहिलेला माणूस किंवा त्यांचं चित्र गेलं. सिंहगडावर हातातली भजी पळवणारा गडी एजियन समुद्रातल्या एका भिंतीवर बसलाय :)

दुपारी बोटीने निया कामेनी. कॅल्डेराच्या मधोमध असलेलं हे काळं, उजाड बेट. हे 1707 ते 1711 या काळात समुद्रातून वर आलं, 1866, 1925 आणि 1939 पासूनच्या उद्रेकांत वाढत गेलं. शेवटचा उद्रेक 1950 चा. काही ठिकाणी जमिनीतून अजून वाफ येते. हॉटेलच्या गच्चीतून 'मस्त व्ह्यू' म्हणून दिसतं ते हेच. प्रोसेस बंद झालेली नाही, बॅकग्राउंडला चालू आहे.

तिसरा दिवस: चिठ्ठी निघालेली माणसं

मेसा वूनो नावाच्या डोंगरावर प्राचीन थेरा शहराचे अवशेष आहेत. चढ आहे, वारा भन्नाट आहे, सकाळी लवकर जा आणि पाणी सोबत ठेवा. अक्रोतिरी गाडलं गेल्यानंतर काही शतकांनी डोरियन ग्रीक इथे वसले.

हिरोडोटसने यांची एक गोष्ट सांगितली आहे. सात वर्षं बेटावर पाऊस पडला नाही. शेवटी ठरलं की काही लोकांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसाहत करायला पाठवायचं. कोणी जायचं? भावाभावांत चिठ्ठी टाकायची, ज्याची निघेल तो जाणार. (ऑनसाइटला कोणाला पाठवायचं यावरून होणाऱ्या मीटिंग आठवल्या. फक्त इथे सगळ्यांना उलटी भीती होती.) गेलेल्यांचं जमलं नाही, ते परत फिरले. तर बेटावरच्यांनी, म्हणजे त्यांच्याच घरच्यांनी, त्यांच्यावर मारा करून बोटी किनाऱ्याला लागू दिल्या नाहीत. जा म्हणाले, परत जा. मग त्यांनी इ. स. पूर्व 630 च्या सुमाराला आजच्या लिबियात किरीनी हे शहर वसवलं, आणि ते पुढे थेरापेक्षा कितीतरी मोठं झालं.

गोष्टीत मीठमसाला किती हा प्रश्न आहेच. पण या बेटावर पाण्याचं दुर्भिक्ष किती खरं आहे ते शेतं बघून कळतं. द्राक्षाचे वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीलगत टोपलीसारखे गोल विणतात. वाऱ्यापासून घड वाचतात आणि दव टिकतं. जेवायला 'फावा' मागवा. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण समजा. त्याची डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या चुलत घराण्यातली. कोरड्या जमिनीत येणारं पीक, तिकडेही आणि इकडेही.

चौथा दिवस: ईया

एकोणिसाव्या शतकात ईया हे जहाजवाल्यांचं गाव होतं. कप्तानांचे वाडे कड्याच्या वर, सपाटीवर. आणि खलाशी व गरीब लोक कड्यातच राख खोदून केलेल्या गुहेसारख्या घरांत. बेटावर इमारती लाकूड जवळजवळ नव्हतंच, म्हणून कमानदार छतं. पाऊस दुर्मीळ, म्हणून छतावरचं पाणी खालच्या टाक्यात. आज ज्या 'केव्ह सुइट'चं एका रात्रीचं भाडं बघून आपण टॅब बंद करतो, ती मुळात परवडत नसणाऱ्यांची घरं होती. वाफेची जहाजं आली, शिडाच्या जहाजांचा धंदा बसला, आणि गाव ओसरू लागलं.

मग 9 जुलै 1956 ची पहाट. अमोर्गोस बेटाजवळ 7.5 च्या आसपास तीव्रतेचा भूकंप, पाठोपाठ दुसरा मोठा धक्का आणि त्सुनामी. 50 हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक सँटोरिनीत. ईयाची घरं कड्यावरून खाली आली. अनेक कुटुंबं अथेन्सला गेली आणि तिथेच राहिली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रीसच्या सरकारी पर्यटन संस्थेने ईयातली पडकी, रिकामी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खोल्या करायला सुरुवात केली. आजचं पोस्टकार्डवरचं गाव तिथून उभं राहत गेलं.

संध्याकाळी सूर्यास्त बघायला सगळी गर्दी ईयाच्या जुन्या किल्ल्यावर जमते. तो किल्ला अर्धा का आहे, हे आता सांगायला नको. 1956.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. 2025 च्या जानेवारीअखेर बेटाच्या ईशान्येला समुद्राखाली हजारो धक्के सुरू झाले, 10 फेब्रुवारीला सगळ्यात मोठा, 5.3 चा. आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद. जेमतेम साडेपंधरा हजार वस्तीच्या पालिकेतून 11,000 हून अधिक लोक बोटी आणि विमानांनी निघून गेले. पुढच्या अभ्यासांत कारण निघालं, खाली सरकणारा मॅग्मा. उद्रेक झाला नाही, धक्के ओसरले, लोक परतले आणि हॉटेलं उघडली. अक्रोतिरीचे लोकही पहिल्या भूकंपानंतर असेच परतले होते.

आता निघून जायला आणखी एक कारण तयार झालं आहे, आणि त्यात आपलाही वाटा आहे. प्रत्येक खोली पाहुण्यांना भाड्याने गेल्यावर तिथे शिकवायला आलेल्या शिक्षकाला किंवा डॉक्टरला राहायला घर मिळत नाही. क्रूझच्या जहाजांतून येणाऱ्यांवर 2025 पासून दिवसाला 8,000 ची मर्यादा आहे. भर सीझनमध्ये म्हणजे अर्ध्या वस्तीइतकी माणसं एका दिवसात, आणि बहुतेक सगळी संध्याकाळच्या आत परत जाणारी.

मग जायचं की नाही? जायचंच. पण जुलै-ऑगस्ट टाळा, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर पकडा. एका रात्रीत उरकू नका, चार रात्री राहा. जमलं तर कड्यावरच्या गुहेऐवजी आतल्या एखाद्या गावात खोली घ्या, पिर्गोस किंवा एम्पोरिओ बघा. तिथे सकाळी पाववाला, शाळेची पोरं, दारात गप्पा मारणाऱ्या आज्या दिसतात. एवढ्या वेळा रिकामं व्हायची वेळ आलेल्या बेटावर सगळ्यात बघण्यासारखं काही असेल तर ते हे, की कोणीतरी अजून तिथे राहतंय.

असो. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर घ्या, ती मॅग्मापेक्षा बेभरवशाची असते.