शिंप्याने हलका केलेला तंबू

१/ मराठ्यांच्या इतिहासात डेरे आणि राहुट्या जागोजागी भेटतात. त्या वाहणारे उंट आणि बैल मात्र सहसा नजरेआड राहतात. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश फौजेचा जाड कॅनव्हासचा तंबूही गाड्यावरून किंवा जनावरांवरून जाई. अशा तंबूत राहायचे, तर पदरी जनावरे आणि नोकर हवेत.

२/ १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. १८८८ मध्ये डनलप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. कारकून आणि कारागीर स्वतःच्या बळावर दूर जाऊ लागले. पण रात्रीचे काय? मुक्कामाचा खर्च प्रत्येकाला परवडणारा नव्हता.

३/ हा प्रश्न सोडवला थॉमस हायरम होल्डिंग या लंडनच्या शिंप्याने. १८५३ मध्ये, लहानपणी, त्याने आईवडिलांसोबत गाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेची गवताळ मैदाने पाहिली होती. पुढे तो होडीतून भटकला. होडी बरेच ओझे पेलते. सायकल पेलत नाही.

४/ १८९७ मध्ये तो सोबत्यांसह आयर्लंडमधील कोनेमारा भागात सायकलवर तंबू बांधून हिंडला. १८९८ मध्ये या प्रवासावरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

५/ तंबू निवडण्याची त्याची दृष्टी शिंप्याची होती. कॅनव्हास टिकाऊ, पण जड; भिजला की आणखी जड. रेशीम वजनाला नगण्य आणि घडी घातल्यावर मुठीएवढे, पण महाग. खांबांसाठी बांबू, तेही एकात एक सरकणारे. उंची कमी केली की कापड वाचते आणि वाराही कमी लागतो. त्या बदल्यात आत उभे राहण्याचे सुख सोडावे लागते. प्रत्येक सोयीची किंमत चढावर पायांना मोजावी लागते, हे त्यामागचे साधे गणित.

६/ १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने सायकल-कॅम्पर्सची संघटना स्थापन झाली. वाँटेज येथील पहिल्या शिबिरात अवघे १३ जण होते. आजचा ‘कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब’ हा तिचाच वारस. १९०८ मध्ये होल्डिंगचे ‘द कॅम्पर्स हँडबुक’ आले.

७/ पुढे रेशमाची जागा नायलॉनने आणि बांबूची ॲल्युमिनियमने घेतली. सामग्री बदलली, वजन, आकारमान, टिकाऊपणा आणि किंमत यांतील ओढाताण तशीच राहिली. आज हलका तंबू निवडणारा सायकलस्वार तेच गणित मांडतो. या गणितामुळेच मुक्कामाचे छप्पर सामान्य माणसाच्या सायकलवर मावले.