पटावरची चाल आणि चाकणचा कोट

मराठीत 'चाल' हा शब्द मोठा कामाचा आहे. माणसाची चालण्याची ढब ती चाल, गाणे ज्यात बांधले ती चाल, आणि घराण्यात पूर्वापार चालत आलेली रीत तीही चालच. बुद्धिबळाच्या पटावर प्यादे एक घर पुढे सरकले की ती चाल झाली, आणि फौज शत्रूवर तुटून पडली म्हणजे तिनेही 'चाल केली' असेच आपण म्हणतो. खेळ आणि युद्ध या दोहोंना आपल्या भाषेने असे एकाच दाव्याला बांधून ठेवले आहे. या खेळाचे वेड महाराष्ट्रात आजचे नव्हे. १९८१ साली रोहिणी खाडिलकर आशियाई महिला विजेत्या झाल्या, आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, हे वाचकांस ठाऊक आहेच.

अलीकडे हा पट संगणकात जाऊन बसला आहे. एकाने चाल करावी, तोवर दुसऱ्याने थांबावे, हा मूळ नियम कायम. पण चौसष्ट घरांच्या जागी सबंध पृथ्वीचा नकाशा आला, आणि हत्तीघोड्यांच्या जोडीला कर, रस्ते, बंदरे, वकिलाती आणि तहही आले. १९९१ साली सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ निघाला, त्यात भारतीयांचे पुढारी म्हणून महात्मा गांधींची योजना केलेली होती. मुलूख जिंकण्याच्या खेळात गांधीजी, हा विनोद त्या लोकांच्या कितपत ध्यानात आला असेल कोण जाणे! पुढे मार्च २००९ मध्ये इंग्लंडातल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या मंडळींनी 'एम्पायर: टोटल वॉर' नावाचा खेळ काढला. त्याचा काळ अठरावे शतक, आणि इंग्रज, फ्रेंच, मोगल यांच्या पंक्तीला त्यात मराठेही बसलेले. मराठ्यांच्या बाजूने डाव मांडता येतो, हे कळल्यावर माझ्यासारख्या इतिहासाच्या नादी माणसास स्वस्थ बसवेना.

हा योग निघोज्यास आला. निघोजे हे खेड तालुक्यातले गाव, चाकणच्या पंचक्रोशीतले. एकेकाळी शेतीवर जगणाऱ्या या टापूत आता मोटारींचे कारखाने उभे आहेत. ज्या मार्चमध्ये तो खेळ बाजारात आला, त्याच महिन्याच्या ३१ तारखेस येथल्या फोक्सवॅगन कारखान्याचे उद्घाटन झाले. त्याच्या पत्त्यात निघोज्याचे नाव आहे. माझा पुतण्या याच पट्ट्यात एका कारखान्यात कामास आहे आणि गावात खोली घेऊन राहतो. त्याच्याकडे मी चार दिवस मुक्कामास होतो.

खेळ घ्यायचा म्हणजे दुकानात जाऊन पेटी आणायची, हा काळ मागे पडला. 'स्टीम' नावाच्या संगणकी दुकानात खाते उघडायचे, पैसे भरायचे, आणि सगळा खेळ तारेवाटे घरात उतरवून घ्यायचा. चांगले पंधराएक गिगाबाइटचे ते ओझे. पुतण्याने कळ दाबली आणि तो दुसऱ्या पाळीला निघून गेला, जाताना म्हणाला, "काका, जरा लक्ष ठेवा." मी आपला चुलीवरच्या दुधाकडे बघावे तसा त्या निळ्या पट्टीकडे बघत बसलो. रात्री तो परतला तेव्हा पट्टी भरली होती. मग त्याने खेळ 'इन्स्टॉल' केला. आम्ही जुने लोक याला स्थापना म्हणू. घटस्थापनेला पुरावा इतका वेळ तिलाही लागला.

पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा उलगडला. साल १७००, राजधानी सातारा. वर्षाला दोन चाली, एक उन्हाळ्याची व एक हिवाळ्याची, म्हणजे शतकाच्या झाल्या सुमारे दोनशे. आपल्या चालीत कर वाढवावा किंवा घटवावा, रस्ता बांधावा, शेजाऱ्याकडे वकील धाडावा, फौज उभी करून पुढे सरकवावी. मग कळ दाबून स्वस्थ राहावे आणि बाकीच्या सत्तांनी काय केले ते पाहावे. लढाई जुंपली तर ती मात्र चालींची नसते. तेथे क्षणाक्षणाला हुकूम द्यावे लागतात. ते काम मी पुतण्याकडे सोपवले आणि दिवाणी कारभार स्वतःकडे ठेवला. पेशवे व सरदार यांच्यातली ही वाटणी आम्हाला चांगली मानवली.

परंतु पहिल्याच चालीला मन अडखळले. खेळात १७०० साली 'मराठा संघ' साताऱ्यास सुखाने नांदत असतो. वस्तुतः त्या वर्षी काय चालले होते? मार्च महिन्यात राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. साताऱ्याच्या किल्ल्याला खुद्द औरंगजेबाचा वेढा पडलेला होता, आणि एप्रिलात तो किल्ला पडला. संघ वगैरे पुष्कळ पुढच्या, पेशवाईतल्या गोष्टी. १७०० साली होती ती ताराबाई, तिचा लहानगा मुलगा आणि राजधानी हातची गेली तरी न थांबणारे सरदार. १७०७ साली अहमदनगरास औरंगजेब मेला तोवर हा झगडा चालूच राहिला. राजधानी गेली की डाव आटोपला, असे पटाचे गणित सांगते. मराठ्यांचा डाव राजधानी गेल्यावर रंगला.

दुसरी गोष्ट पैशाची. खेळात उत्पन्न हवे तर मुलूख जिंकावा, मग त्यावर कर बसवावा. मराठ्यांनी मात्र दुसऱ्याच्या मुलखातून चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे उत्पन्नाचा चौथा व दहावा हिस्सा, वसूल करण्याचा हक्क मिळवला. बाळाजी विश्वनाथ १७१९ साली दिल्लीहून सनदा घेऊन आले त्या याच. मुलूख बादशहाचा, वसुली आपली. ही अर्धी मालकी पटावरच्या रंगांत दाखवायची कशी? तेथे प्रांत एक तर तुमचा किंवा दुसऱ्याचा.

पुतण्याच्या साप्ताहिक सुटीस मी त्याला चाकणचा संग्रामदुर्ग दाखवावयास घेऊन गेलो. रोज त्या बाजूने कंपनीची बस जाते, पण किल्ला त्याने पाहिलेला नव्हता. भुईकोट किल्ला, गावातच आहे. थोडीशी तटबंदी, बुरुजांचे अवशेष, खंदकाची खूण. तो म्हणाला, "एवढाच?" मी म्हटले, "एवढाच. आता याचा हिशेब ऐक."

१६६० चा जून महिना. शायिस्ताखान पुण्यात येऊन बसलेला, आणि शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकलेले. २१ जूनला खान चाकणपुढे आला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. जवळची माणसे परंपरेने तीनशे-साडेतीनशे सांगतात. बाहेरून मदत येण्याची आशा नाही, वर पावसाळा. जुलैच्या मध्यास महाराज पन्हाळ्याहून निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. इकडे चाकण लढतच होते. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग नेला आणि १४ ऑगस्टला तो उडवला. बुरुज ढासळला, तरी ती रात्र किल्ल्यातल्यांनी खिंडार अडवून काढली. दुसऱ्या दिवशी कोट दिला. मोजून छप्पन्न दिवस. मोगलांचे २६८ ठार व ६०० जखमी झाले. खानाने फिरंगोजीस चाकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही, असे सांगतात.

"आता सांग," मी पुतण्यास विचारले, "आपल्या खेळात हे किती चालींचे काम?" त्याने मनाशी मोजले आणि म्हणाला, "एकसुद्धा नाही, काका. एक चाल सहा महिन्यांची. वेढा, पन्हाळा, घोडखिंड, सगळे एकाच उन्हाळ्यात बसते." मग तो तटावर जरा वेळ गप्प बसून राहिला.

वेढ्याचे फळ काय? किल्ला गेला म्हणजे पटावरचे एक घर गेले. पण मैदानातला एक लहानसा कोट घ्यावयास मोगली फौजेचा सबंध पावसाळा खर्ची पडला. मग सह्याद्रीतले डोंगरी किल्ले किती वर्षे खातील, हा हिशेब खानाला करता येत होता. पुढे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज लाल महालात शिरले. पुण्यात खान आणि भोवती डोंगर महाराजांचे, अशी ती स्थिती घडण्यास चाकणच्या छप्पन्न दिवसांचाही हातभार होता, असे मला वाटते. हरलेली चालही पुढच्या चालीला वेळ मिळवून देते, हे बुद्धिबळपटूंना सांगावयास नको.

मराठी माणूस या खेळाला बसला की आज ना उद्या पानिपतावर येतोच. पुतण्याने १७६१ च्या हिवाळ्यात मोठी फौज उत्तरेस नेली, लढाई जिंकली आणि विचारले, "काका, खरोखर जिंकता आले असते का हो?" मी त्याला खेळातली फौजेची यादी उघडावयास सांगितली. पगाराचा आकडा होता, दाणागोट्याचा नव्हता. फौज पटावर वाटेल तितके दिवस उभी ठेवा, एक घोडा उपाशी मरत नाही. १७६० च्या अखेरीस रसद पोहोचविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, भाऊसाहेबांच्या छावणीचा दाणा तुटला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी लढावयास निघालेली माणसे उपाशी होती. जर-तरचा डाव जरूर मांडावा, त्याने बुद्धी चालते. पण त्यात भाकरीचा कोठा धरलेला नसेल तर मिळालेला विजय फुकटचा असतो.

तात्पर्य, हा खेळ टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. पैसा, रस्ते, शेजारी आणि फौज यांचा एकदम विचार करणे म्हणजे काय असते, हे त्याने माझ्या पुतण्यास चार दिवसांत जेवढे शिकवले, तेवढे माझ्या व्याख्यानांनी चार वर्षांत शिकवले नसते. आणि ज्या चाकणवरून त्याची रोजची ये-जा, तेथे तो तटावर चढला तोही या खेळापायीच. फक्त एवढे ध्यानात असावे, की कळ दाबली की खेळातला शत्रू आपल्यासाठी थांबतो. फिरंगोजीसाठी कोणी थांबलेले नव्हते. पाऊस नाही, खानही नाही. दिवाळीच्या सुटीत मुले संगणकापुढे बसतील ती बसोत. एखादी सकाळ मात्र त्यांना जवळचा एखादा पडका कोट दाखवावा, आणि तो किती दिवस लढला हे त्यांच्याकडूनच मोजून घ्यावे.