माथेरानची गाडी : यादीतल्या नावापलीकडे

मुसलमानांचं योगदान काय, असा प्रश्न आला की आपल्याकडे नावांची यादी तयार असते. मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय त्या यादीत हमखास असतात. १९०७ साली कराचीला झालेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. पैसा आदमजींचा, बांधणी त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची, खर्च सुमारे १६ लाख रुपये. एवढं सांगून आपण पुढच्या नावाकडे वळतो. माझी तक्रार या 'एवढं'बद्दल आहे.

नेरळहून निघालेली ही गाडी सुमारे २१ किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरच्या आसपास चढते. काही ठिकाणी २० मीटर पुढे जाताना १ मीटर वर जावं लागतं. म्हणजे एक टन वजनासाठी नुसत्या चढापोटी ५० किलोचा जोर हवा. निलगिरीच्या रेल्वेला अवघड चढावर दातेरी पट्टीचा आधार आहे. माथेरानला तो नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर नखाएवढ्या जागेत टेकतं आणि सगळी भिस्त तिथल्या पकडीवर असते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. मराठीत घर्षण, उर्दूत रगड. माणसांबद्दल बोलताना दोन्ही शब्दांना भांडणाचा वास येतो. रुळावर मात्र रगड नसेल तर चाक जागच्या जागी फिरत राहील आणि उतारावर ब्रेकही लागणार नाही. पावसाने किंवा ओल्या पाल्याने रूळ निसरडा झाला की वाळू टाकतात ती यासाठीच. दार्जिलिंगच्या गाडीत तर इंजिनाच्या पुढे बसून रुळावर वाळू सोडणारी माणसं असत.

वळणावर हीच रगड वैरी होते. एकाच आसावरच्या दोन चाकांपैकी बाहेरच्याला जास्त अंतर कापायचं असतं. मोठ्या वळणावर चाकाचा उतरता आकार हा फरक सांभाळून घेतो. माथेरानच्या अरुंद वळणांवर तेवढं पुरत नाही. चाक घसटतं, त्याची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला घासते, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि दोन्हीकडचं पोलाद झिजतं. झिजलेली कड रुळावर चढली तर गाडी घसरते. म्हणून सुरुवातीला जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची इंजिनं आणली. त्यांची पुढची-मागची चाकं वळणाप्रमाणे थोडी सरकू आणि वळू शकत.

तरी झीज थांबत नाही, ती फक्त आटोक्यात ठेवता येते. रुळाच्या माथ्यावर पकड हवी आणि आतल्या बाजूला गुळगुळीतपणा. बाजूला लावलेलं वंगण माथ्यावर पसरलं तर चढ चढवत नाही आणि ब्रेक दगा देतो. दोन बोटांच्या अंतरात एकाच गोष्टीचे असे दोन न्याय सांभाळायचे असतात, आणि तेही रोज.

मे २०१६ मध्ये गाडी दोनदा घसरली आणि सेवा बंद करावी लागली. पूर्ण मार्ग पुन्हा सुरू व्हायला २०१८ उजाडलं. पुढच्याच वर्षी पावसाने मार्ग उखडला. तो पूर्ण सुरू झाला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे रेल्वे १९०७ साली बांधून संपली नाही. ती अजून राखली जाते आहे.

पीरभॉयांचा अभिमान मलाही आहे. पण मुलांना नुसतं नाव पाठ करून घेऊन तो पुढे जात नाही. त्या घराण्याने पैसा कुठे आणि का लावला, दातेरी पट्टीशिवाय गाडी चढते कशी, वळणं नकाशावर कुणी आखली, खडक कुणी फोडला, झिजलेला रूळ आज कोण बदलतं, हे प्रश्न वर्गात यायला हवेत. त्यातल्या खडक फोडणाऱ्यांची आणि रूळ बदलणाऱ्यांची नावं कोणत्याच समाजाच्या यादीत नाहीत. आपल्या यादीला निदान त्यांच्या कामाची तरी एक ओळ जोडता येईल.