ऊरूचे निर्वासित

व्हर्च्युअल जगाचं भविष्य म्हटलं की लगेच हेडसेट, ग्राफिक्स आणि बँडविड्थची चर्चा सुरू होते. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने स्वतःचं नाव 'मेटा' केलं तेव्हाही तेच झालं. मला मात्र अशा वेळी 'ऊरू' आठवतो.

१९९३ चा 'मिस्ट' तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. निवांत, कोड्यांचा, एकट्याने बसून खेळायचा गेम. तो बनवणाऱ्या सायन कंपनीने नोव्हेंबर २००३ मध्ये 'ऊरू' काढला, आणि सोबत 'ऊरू लाइव्ह' हा ऑनलाइन भाग चाचणीसाठी सुरू केला. गंमत बघा, एकांतप्रिय मंडळींसाठी सोशल जग! मारामारी नाही, पॉइंट्स नाहीत. प्रत्येकाला स्वतःचं छोटं बेट आणि प्रत्येक गटाला एक 'हूड', म्हणजे आपली आळी म्हणा. हूडमध्ये एक कारंजं होतं. कोडी सोडवून झाली की लोक तिथे गप्पा छाटत बसायचे. कट्टाच तो.

फेब्रुवारी २००४ मध्ये घोषणा झाली आणि थोड्याच दिवसांत सर्व्हर बंद. पैसे भरणारं गिऱ्हाईक पुरेसं मिळेना, एवढं साधं कारण.

हे लोक मात्र पांगले नाहीत. गटच्या गट उठून 'देअर' आणि 'सेकंड लाइफ' या दुसऱ्या जगांत राहायला गेले. स्वतःला ते 'ऊरूचे निर्वासित' म्हणवून घेत. देअरमधले जुने रहिवासी वैतागले, कारण एवढी माणसं एका जागी जमली की सगळं धीमं व्हायचं. (नव्या भाडेकरूंना पाण्यावरून बोलणी बसतात ना, तसंच!) पण दोन्ही ठिकाणी ते काय बांधत बसले, तर तेच कारंजं. सेकंड लाइफमध्ये साधे ठोकळे जोडून आणि त्यांवर स्क्रिप्ट लिहून. सीलिया पीअर्स या संशोधिकेने देअरमधल्या गटात राहून अभ्यास केला, त्यावरचं तिचं पुस्तक २००९ मध्ये आलं.

प्रोग्रामर म्हणून मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. २००४ मध्येच सायनने सर्व्हरचं सॉफ्टवेअर चाहत्यांना चालवायला दिलं. २००७ मध्ये गेमटॅपने ऊरू लाइव्ह पुन्हा सुरू केला, २००८ मध्ये बंदही केला. (पुन्हा तेच!) २०१० मध्ये सायनने तो स्वतः फुकट उघडला, खर्च देणग्यांवर. आणि २०११ मध्ये इंजिनचा कोडच खुला केला.

देअर २०१० च्या मार्चमध्ये बंद पडलं, तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या हातात यातलं काहीच नव्हतं. मालक २०१२ मध्ये परतले म्हणून ते जग परत आलं, एवढंच. एखाद्या नव्या जगात मित्रमंडळ घेऊन राहायला जायचं असेल, तर मी ग्राफिक्स नंतर बघेन. आधी विचारेन, कंपनी उठली तर सर्व्हर कोण चालवणार?

ऊरूचं म्हणाल तर अलीकडच्या काही वर्षांत चाहत्यांनी बनवलेले नवे प्रदेश सायनने अधिकृत सर्व्हरवर घेतले आहेत. आणि हो, 'ऊरू' हा गेममधल्या द्नी भाषेतला शब्द आहे. अर्थ, मोठा जमाव.