आंब्या बार, सोयरीक आणि आपला सीमेवरचा संत्रा



पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आठवते. सौंसर म्हटलं की जामसावळीचा मारुती. दोन्ही खरंच आहे. पण आपला भाग खऱ्या अर्थाने ओळखायचा तर माघ-फाल्गुनात सूर्य मावळताना बगिच्याच्या धुऱ्यावर उभं राहावं. संत्र्याच्या फुलाचा तो वास दुसरीकडे मिळत नाही. या वासामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो कुठल्या सरकारी कागदात नीट सापडत नाही. मी आयुष्यभर कागदच सांभाळले, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो.

आधी जागा समजून घेऊ. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत: सातपुड्यावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो झेरघाट. आपण झेरघाटवाले. काळी-मुरमाड जमीन, जाम आणि कन्हान नद्या, ज्वारी-कापूस आणि घरात मराठी. नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहाने, १७०२ च्या सुमारास, आणि देवगड तर आपल्याच डोंगरात. म्हणजे नागपूरने आपल्याला मराठी केलं की आपण नागपूरला जन्म दिला, हा वाद चहा पिताना घालायला चांगला आहे.

संत्रा मात्र नागपूरहून आला. दुसरे रघुजी भोसले यांनी औरंगाबादेकडून रोपं आणून वाड्याच्या परसात लावली, असं सांगतात. परसातून तो मळ्यात आला, मळ्यातून काटोल, वरूड, मोर्शीकडे गेला आणि तिथून आपल्याकडे. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरचा माल त्याच्या कितीतरी आधीपासून ‘नागपुरी’ म्हणूनच विकला जायचा. सौंसर-रामाकोनाकडचा छोट्या लाइनने, पांढुर्ण्याचा मोठ्या लाइनने, आणि नागपूर स्टेशनच्या त्या बाजूचं तर नावच संत्रा मार्केट. छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, रूळ रुंद करायला. असो.

आता बहाराचं बोलू. नव्या पिढीतल्या, पुण्या-बंगळूरच्या मुलांसाठी थोडं सविस्तर लिहितो.

संत्र्याला मुख्य बहार दोन. मृगाच्या पावसाबरोबर फुटतो तो मिरग बार. आंब्याच्या मोहोराबरोबर, जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो तो आंब्या बार. मिरगाची फळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आंब्याची दिवाळीनंतर. झाड आपण होऊन थोडं इकडे, थोडं तिकडे फुलत राहतं. एकदम भरगच्च बहार हवा असेल तर झाडाला ताण द्यावा लागतो. डिसेंबरात पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारीत दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळसर पडतात, पाव हिस्सा गळूनही जातात. पाहणाऱ्याला वाटतं, गेला बगिचा. मग संक्रांतीच्या आगेमागे आळ्यात शेणखत घालायचं, हलकं पाणी द्यायचं, आठवड्याने भरपूर द्यायचं आणि वाट पाहायची. दोन-तीन आठवड्यांत फांदीवर पांढरे ठिपके दिसू लागतात.

ताण चार दिवस कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी. चार दिवस जास्त झाला तर फांद्या वाळतात. किती दिवस, हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुस्तकाला तुमच्या वावरातला मुरूम किती खोल आहे ते ठाऊक नसतं. हे ज्ञान हातातून हातात जातं, आणि ते देण्याचा हंगाम म्हणजे हाच, वसंताचा.

आमच्या लहानपणी पोट्ट्यांना बगिच्यात ठरलेली कामं असायची. ‘सल’ काढणं, म्हणजे वाळलेल्या काड्या तोडून जाळणं. खोडातून सरळ वर जाणारे पाणसोट ओळखून काढणं. आळी मोकळी करणं. आणि सगळ्यांत आवडतं काम, बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं, लोखंडी भांड्यात कधीच नाही. तयार झालं की विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबडी झाक आली तर चुना कमी आहे, आणखी घाला. ही परीक्षा घ्यायचा मान सर्वांत धाकट्याला. कंबरभर उंचीपर्यंत खोडं निळी रंगवून झाली की आमचे हात होळीपर्यंत निळेच. रसायनशास्त्राचा माझा पहिला आणि शेवटचा प्रयोग तोच. पुढे मी कॉमर्सला गेलो.

दुसरी गोष्ट म्हणजे नव्या बगिच्यातला वाफा. कलमं अठरा बाय अठरा फुटांवर लावली तर एकरी साधारण १३४ झाडं बसतात. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत फळ नाही. तोवर मधल्या पट्ट्यात कापूस, भुईमूग, हरभरा, आणि विहिरीजवळचा एखादा तुकडा घरच्या पोरापोरींना. त्यात मेथी, सांभार, वांगी, पालक. बाजारात विकून आलेले पैसे ज्याचे त्याचे. माझ्या बहिणींचा वाफा नेहमी माझ्यापेक्षा चांगला असायचा. पुढे सात-बाराची वेळ आली (आपल्याकडे खसरा-खतौनी म्हणा) तेव्हा त्यांचं नाव कुठेच नव्हतं, हेही इथे लिहून ठेवतो. त्या काळी कुणाला ते खटकलं नाही.

मुलांना शेतीत घालून शिकवायचे सरकारी प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम मांडली गेली. त्याच सुमारास मध्य प्रांतात रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना काढली: गावाने शाळेला जमीन द्यावी आणि जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी. कल्पना सुंदर होती, पण फार टिकली नाही. नागपूरचं कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचं. स्वातंत्र्यानंतर अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख दिल्लीत कृषिमंत्री झाले. त्यांनी भारत कृषक समाज काढला आणि १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. आमचे थोरले काका रेल्वेने ते पाहायला गेले होते. परत आल्यावर सहा महिने फक्त ट्रॅक्टरबद्दल बोलायचे. ट्रॅक्टर काही आला नाही.

मग १ नोव्हेंबर १९५६. तोवर नागपूर आपल्या राज्याची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, आपल्या मराठी सौंसर तहसिलीसकट, नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ. पुढे १९६४ मध्ये आपलं कृषी विद्यापीठ जबलपूरला झालं आणि १९६९ मध्ये त्यांचं अकोल्याला, पंजाबरावांच्या नावाचं. जबलपूर चांगलं विद्यापीठ आहे, माझी तक्रार नाही. पण संत्रा जिथे पिकतो, जिथली माणसं त्याच्याबद्दल आपल्याच भाषेत बोलतात, तो मुलूख एका रेषेने पलीकडे गेला. वरूड तासाभराच्या वाटेवर, आणि तरी परराज्य.

ती रेषा ओलांडली सोयरिकीने. माझं तर मत असं आहे की आपल्या भागात संत्र्याची विद्या कुठल्या खात्याने आणली नाही. ती लेकी-सुनांनी आणली.

माझी आत्या १९६१ मध्ये शेंदुरजनाघाटकडे दिली. तिकडची पन्हेरी प्रसिद्ध. जंबेरीचं बी टाकायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर इंग्रजी ‘टी’सारखा छेद द्यायचा आणि संत्र्याचा डोळा त्यात बसवून बांधायचा. आत्या दोन-तीन वर्षांत डोळा भरण्यात तरबेज झाली. माहेरी आली की पदर खोचून आधी बगिच्यात जायची. आमची झाडं खोल लावलेली, डोळ्याचा जोड मातीत गाडलेला आणि पाणी थेट बुडाशी. खोडातून डिंक गळायचा. आबाजींना वाटायचं, झाड फार पुष्ट झालंय म्हणून गळतंय. आत्या म्हणाली, “आबाजी, झाडाचे पाय ओले करा, गळा नोका बुडवू.” तिने खोडाभोवती मातीचा एक आतला गोल करायला लावला, म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यातच राहील. पुस्तकात याला दुहेरी आळे पद्धत म्हणतात आणि त्या रोगाला डिंक्या. आमच्या गल्लीत तिला ‘आत्याचं आळं’ म्हणत. दोन वर्षांत चार घरांनी ते उचललं.

दर उन्हाळ्यात आमच्यातला एखादा मुलगा आत्याकडे जायचा आणि डोळे भरायला शिकून यायचा. माझा चुलतभाऊ तर तिकडे शेकड्याने कलमं बांधून स्वतःच्या सायकलचे पैसे घेऊन आला. याहून चांगली शेतीशाळा मी पाहिली नाही. फी नाही, दाखला नाही, आणि वर आत्याच्या हातचे पानगे.

१९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पाच वर्षांनी मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. काही वर्षं खेड्यातल्या शाखेत शेतीकर्जाचं टेबल होतं. आंब्या बाराचं सगळं गणित उन्हाळ्यातल्या पाण्यावर. फूल माघात, पण एप्रिल-मेमध्ये ते हरभऱ्याएवढं फळ झाडावर टिकवायचं तर विहीर हवी, पंप हवा. मोटेवर दोन-तीन एकर निघायचे. कर्जाने विहिरी खोल झाल्या, विजेचे पंप आले आणि आंब्या बार पसरला.

पण संत्र्याचं कर्ज हिशेबात बसवणं अवघड. पाच-सहा वर्षं उत्पन्न शून्य, तोवर हप्ता मागायचा नाही, हे वरच्या माणसाला पटवायचं कसं? एकदा बाहेरून आलेले एक साहेब जानेवारीत पाहणीला आले. बगिचा ऐन ताणावर. पानं लोंबलेली, खाली पाचोळा. साहेबांनी शेरा मारला, ‘बगीचा सूख रहा है’, आणि पुढचा हप्ता रोखला. कास्तकार माझ्याकडे रडकुंडीला आला. मी हिंदीत दोन पानी टिपण लिहिलं की झाड मुद्दाम तहानलेलं ठेवलं आहे, आणि शेवटी विनंती केली की पुढची पाहणी फेब्रुवारीच्या अखेरीस व्हावी. साहेब आले. फुलांनी वाकलेल्या झाडाखाली पाच मिनिटं काही न बोलता उभे राहिले. हप्ता सुटला. पुढे ते स्वतःच नव्या अधिकाऱ्यांना सांगायचे, जनवरी में संतरे का बगीचा मत देखना.

नागपूरला ऐंशीच्या दशकात लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं, तेव्हा आपली पोरं तिथे जाऊ लागली. भाषेची अडचण नव्हतीच. ठिबक आलं. मुळ्या उघड्या करायची जुनी पद्धत मागे पडली. त्याच काळात काळ्या माशीने धुमाकूळ घातला, पानांवर कोळशी चढून बगिचे काळे पडले आणि किती तरी तोडले गेले. पुढे बोअर आले. विहिरी आटल्या. अलीकडे डिसेंबर-जानेवारीतच अवकाळी पाऊस येतो आणि महिनाभर राखलेला ताण एका रात्रीत मोडतो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेलं, त्याचा फटका वेगळा. या सगळ्याला उत्तरं शोधणारी मुलं आहेत, हुशार आहेत, मोबाइलवर हवामान पाहून ताण तोडतात.

मला काळजी वेगळीच वाटते. पूर्वी सोळा वर्षांच्या मुलाच्या हाताने कलमं लावत. तो बावीस-तेविसाचा झाला की बगिचा फळावर यायचा आणि त्याच सुमारास सोयरीक यायची. ‘बगिचा आहे’ एवढ्यावर मुलगी द्यायचे. आज आमच्याच भावकीत तीन मुलं आहेत, तिशी ओलांडलेली, ओलिताची जमीन, उभा बगिचा, एक तर कृषी पदवीधर. स्थळं येतात, ‘शेती करतो’ ऐकून परत जातात. बोरगावच्या कारखान्यात बारा तास उभा राहणारा मुलगा चालतो, हा चालत नाही. मुलींना मी दोष देत नाही. ज्या घरात कामाला सगळी आणि खात्यावर एकटा पुरुष, तिथे आपण तरी लेक देऊ का? पण ज्या वाटेने आत्याचं आळं आलं ती वाट मात्र बंद होते आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. आता छिंदवाड्याच्या चकरा वाचतात. आमच्या त्या पदवीधर पुतण्याने मागच्या वर्षी दोन एकर नवी लागवड केली, कलमं शेंदुरजनाघाटचीच, आत्याच्या नातवाकडून. कागदावर जमीन अर्धी त्याच्या बहिणीच्या नावे आहे. ती नागपूरला नोकरी करते आणि संक्रांतीला येऊन मलम लावून जाते. विळ्याचं पातं तिच्या पाच वर्षांच्या मुलीच्या हातात असतं.

तुमच्याकडे ताण किती दिवसांचा धरायचे आणि तो तोडायचा हे घरात कोण ठरवायचं, तेवढं जरूर लिहा. आमच्याकडे आजी ठरवायची. दुपारी बाराला जाऊन एक पान मुठीत चुरगाळायची, आणि घरी येऊन म्हणायची, “उद्या नाही, परवा.”