वीट कोणाची, मैदान कोणाचे

२९ फेब्रुवारी १९९२ रोजी पूर्व लंडनमधल्या अप्टन पार्क मैदानावर वेस्ट हॅम आणि एव्हर्टन यांचा सामना रंगात आला असताना वेस्ट हॅमच्या एका पाठीराख्याने कोपऱ्यावरचा झेंडा उपटला आणि तो घेऊन मैदानाच्या मध्यवर्तुळात ठाण मांडले. क्लबने नव्या आसनव्यवस्थेसाठी पाठीराख्यांकडेच पैसे मागितले होते, त्यावरचा हा संताप होता. २६ वर्षांनी, १० मार्च २०१८ रोजी, बर्नलीविरुद्धच्या सामन्यात याच क्लबच्या दुसऱ्या एका पाठीराख्याने तसाच झेंडा उपटून मध्यवर्तुळात रोवला. या वेळी मैदान बदललेले होते. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी सरकारी पैशातून उभारलेले स्टेडियम क्लबला भाड्याने मिळाले होते आणि ते फुटबॉलसाठी सजवण्याचा खर्च ३० कोटी पौंडांच्या पुढे गेला, तरी क्लबच्या वाट्याला त्यातले फक्त दीड कोटी आले. पाठीराख्यांकडे कोणी रोखा विकायला गेले नव्हते, वर्गणीही मागितली नव्हती. संघ हरत होता, मालकांवर रोष होता, हे खरेच. पण खेळापासून दूर बसवणारे ते नवे घर हाही त्या रोषाचा मोठा भाग होता. पैसे मागितले तेव्हा झेंडा उपटला गेला आणि पैसे मागितले नाहीत तेव्हाही उपटला गेला. म्हणून फुटबॉलच्या पाठीराख्यांना नव्या मैदानासाठी खिशात हात घालायचा नसतो, हा समज तपासून पाहायला हवा. माझ्या मते त्यांचा राग किंवा त्यांची उदारता रकमेवर ठरत नाही. पैसे दिल्यावर त्यांच्या हाती काय उरते, यावर ती ठरते, आणि गेल्या ३०-३५ वर्षांचा इतिहास हेच दाखवतो.

या इतिहासाची सुरुवात एका भीषण दिवसापासून होते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्यांवर, जाळीबंद कप्प्यांमध्ये, लिव्हरपूलचे पाठीराखे चिरडले गेले. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला आणि वरच्या श्रेणींतल्या क्लबांना उभ्याच्या पायऱ्या मोडून संपूर्ण मैदानात खुर्च्या बसवणे भाग पडले. सरकारने फुटबॉलच्या निकालांवरील सट्ट्याचा कर कमी करून त्यातून सुमारे १० कोटी पौंडांची मदत वळती केली. ती पुरणारी नव्हती. क्लबांनी तिकिटे महाग केली, बँका गाठल्या, आणि काहींनी पाठीराख्यांनाच रोखे विकायचे ठरवले. वेस्ट हॅमच्या रोख्यांच्या किमती ५०० ते ९७५ पौंडांच्या दरम्यान होत्या. हा परिसर गोदी कामगारांच्या पिढ्यांचा. त्या काळात तिथल्या कुटुंबाला ही रक्कम जड होतीच, पण अपमान वेगळाच होता. रोखा घेऊन खुर्ची मिळत नव्हती. हंगामाचे तिकीट विकत घेण्याचा फक्त हक्क मिळत होता. म्हणजे बाप-आजोबांपासून ज्या पायऱ्यांवर उभे राहिलो, तिथे पुन्हा येण्याची परवानगी आधी विकत घ्यायची आणि मग तिकीट काढायचे. क्लबच्या कारभारात यामुळे कुणाचा शब्द चालणार नव्हता, मालकीचा तुकडाही मिळणार नव्हता. १९ हजारांवर रोखे विक्रीला काढले होते. हजारही खपले नाहीत. क्लबला सक्ती सोडून द्यावी लागली. त्याच सुमारास आर्सेनलनेही हायबरीच्या उत्तर बाजूसाठी रोखे काढले. तिथेही नाराजी उमटली. बांधकाम झाकण्यासाठी प्रेक्षकांचे चित्र असलेला भलामोठा पडदा लावला, तर त्यात एकही कृष्णवर्णीय चेहरा नव्हता. तक्रारी झाल्यावर चित्र दुरुस्त करावे लागले. आपले गिऱ्हाईक नेमके कोण आहे, हे क्लबलाच नीट दिसत नव्हते, याचा याहून ठळक पुरावा सापडणे कठीण.

या सगळ्यातून एक सोपा निष्कर्ष काढला गेला आणि अजूनही काढला जातो: चाहता भावनेच्या गोष्टी बोलतो, पण बिल आले की पाठ फिरवतो. पण लंडनच्याच नैर्ऋत्येला घडलेली गोष्ट या निष्कर्षाच्या नेमकी उलट आहे, आणि मी तिच्याकडे जास्त वेळ थांबणार आहे. विम्बल्डन हे नाव आपल्याकडे टेनिसशी जोडलेले. पण तिथला फुटबॉल क्लब १९१२ पासून प्लाउ लेन नावाच्या छोट्या मैदानावर खेळत होता आणि १९८८ मध्ये त्याने अंतिम सामन्यात लिव्हरपूलला हरवून एफ.ए. कप जिंकला. टेलर अहवालानंतर हे मैदान सुधारणे परवडणार नाही असे म्हणत १९९१ मध्ये मालकांनी संघ सेलहर्स्ट पार्कला, दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू म्हणून नेला. पुढे प्लाउ लेनची जागा सुपरमार्केटच्या कंपनीला विकली गेली आणि कालांतराने तिथे घरे उभी राहिली. मग नव्या मालकांनी ठरवले की संघ ९० किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या मिल्टन कीन्स शहरात हलवायचा. पाठीराख्यांनी विरोध केला, पण २८ मे २००२ रोजी तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मताने स्थलांतराला परवानगी दिली. नव्याने क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असाही शेरा त्या निर्णयात होता.

पाठीराख्यांनी काही आठवड्यांतच नवा क्लब काढला. विम्बल्डन कॉमनवर खेळाडूंच्या खुल्या निवड चाचण्या घेतल्या आणि १० जुलै २००२ रोजी पहिला सामना ४-० असा हरले, तरी तो पाहायला साडेचार हजारांवर लोक आले होते. ए.एफ.सी. विम्बल्डन या क्लबची मालकी पाठीराख्यांच्या संस्थेकडे आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला तिची घडण समजावून सांगावी लागणार नाही. भाग कितीही घ्या, सभासदाला मत एकच. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून साखर कारखाना उभारला, तेव्हा हेच तत्त्व पायाशी होते, आणि सहकाराचा हा वारसा मूळचा ब्रिटनमधल्या कामगारांचाच आहे. २००३ मध्ये या संस्थेने किंग्स्टनजवळचे किंग्जमेडो मैदान ताब्यात घेण्यासाठी भाग विक्रीला काढले आणि १० लाखांवर पौंड जमवले. संघ तेव्हा इंग्लंडच्या नवव्या श्रेणीत खेळत होता! नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. पण पाठीराख्यांचे ध्येय बढती एवढेच नव्हते. प्लाउ लेनला परत जायचे होते. जुन्या जागेपासून अगदी जवळ, कुत्र्यांच्या शर्यतींच्या स्टेडियमच्या जागेवर नवे मैदान बांधण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०१५ मध्ये मर्टनच्या नगर परिषदेने मंजूर केला. त्यानंतरही लंडनच्या महापौरांकडे फेरविचारात महिने गेले.

खरी कसोटी २०१९ च्या अखेरीस आली. खर्च ३ कोटी पौंडांच्या पलीकडे गेला होता आणि मोठी तूट पडली होती. बाहेरचे गुंतवणूकदार पैसे घालायला तयार होते. बदल्यात त्यांना मालकीत वाटा हवा होता. डिसेंबरच्या सभेत सभासदांचा कल स्पष्ट झाला: मालकी सोडायची नाही. मग पाठीराख्यांपैकीच काहींनी रोख्यांची योजना आखली. नाव तेच, रोखे, ज्या नावाने १९९२ मध्ये झेंडे उपटले गेले होते. पण इथे मुदत आणि व्याजाचा दर गुंतवणारा स्वतः निवडू शकत होता. कमाल दर ४ टक्के, पण कमी व्याज घेण्याची मुभा होती. काही आठवड्यांत ५० लाखांहून अधिक पौंड जमले. ३ नोव्हेंबर २०२० रोजी नव्या प्लाउ लेनवर डॉनकास्टरविरुद्धचा पहिला सामना २-२ असा सुटला. कोरोनामुळे स्टेडियम रिकामे होते, म्हणजे ज्यांनी ते बांधले त्यांना आत जाता आले नाही, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

विम्बल्डनचा हा अपवाद आहे असे म्हणणाऱ्याने बर्लिनकडे पाहावे. पूर्व बर्लिनमधल्या युनियन बर्लिन क्लबला २००४ मध्ये परवान्यासाठी हमीची रक्कम भरायची होती, तेव्हा पाठीराख्यांनी रक्तदान केले आणि मिळालेला मोबदला क्लबला दिला. २००८ मध्ये त्यांचे मैदान मोडकळीला आले होते. दोन हजारांवर पाठीराख्यांनी सुमारे १ लाख ४० हजार तास बिनपगारी काम केले, सिमेंट ओतले, पायऱ्या बांधल्या, छप्पर चढवले. जुलै २००९ मध्ये मैदान पुन्हा खुले झाले. त्यानंतर २०११ मध्ये स्टेडियमच्या कंपनीचे प्रत्येकी ५०० युरोंचे भाग विकायला काढले. एका माणसाला दहाहून अधिक भाग नाहीत, असे बंधन होते. जवळपास २७ लाख युरो आले आणि मुख्य प्रेक्षागृह २०१३ मध्ये पूर्ण झाले. रक्कम वेस्ट हॅमच्या सर्वांत स्वस्त रोख्याइतकीच, फक्त चलन निराळे. इथे मात्र पैसे देणारा क्लबच्या दारात उभा याचक नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे लहान क्लबांचे खेळ आहेत. विम्बल्डनचे स्टेडियम नऊ हजारांचे. टॉटनहॅमसारख्या क्लबचे ६२ हजारांचे स्टेडियम उभारायला अब्ज पौंडांच्या घरातला खर्च आला, तो कुठली सभासद संस्था उचलणार? आक्षेप बरोबर आहे. युनियनला २०२३ मध्ये चॅम्पियन्स लीगचे सामने स्वतःच्या मैदानावर खेळता आले नाहीत, कारण तिथली बहुतेक जागा उभ्याची आहे. ते शहराच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये गेले. पण यातून एवढेच ठरते की इतका खर्च पाठीराखे एकट्याने उचलू शकत नाहीत. ज्या प्रमाणात त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, त्या प्रमाणात त्यांना शब्द द्यायचा की नाही, हा प्रश्न मोठ्या क्लबालाही टाळता येत नाही. तिकिटाच्या वाढलेल्या दरातून स्टेडियमचे कर्ज फेडणारा प्रेक्षक नाव न देता रोखाच तर घेत असतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सहकारी मालकी म्हणजे शहाणपण नव्हे. मँचेस्टर युनायटेड अमेरिकी ग्लेझर कुटुंबाने ताब्यात घेतल्यावर २००५ मध्ये नाराज पाठीराख्यांनी एफ.सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. सामुदायिक भागांतून सुमारे २० लाख पौंड उभे केले आणि २०१५ मध्ये ब्रॉडहर्स्ट पार्क हे स्वतःचे मैदान बेनफिकाशी मैत्रीपूर्ण सामना खेळून खुले केले. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला, पारदर्शकतेवरून सभासद आणि कार्यकारिणी यांच्यात भांडणे झाली, आणि २०१६ मध्ये कारभारात मोठी उलथापालथ झाली. महाराष्ट्राला हे नवे नाही. एक सभासद एक मत असूनही सत्ता मोजक्या हातांत कशी जाते, हे आपण साखर कारखान्यांच्या निवडणुकांत पाहिले आहे. तरी इथे एक फरक दिसतो. ब्रॉडहर्स्ट पार्कच्या सभासदांना चुकीचा जाब विचारायची जागा होती: त्यांनी सभेत प्रश्न विचारले, निवडणुकीत कार्यकारिणी बदलली. १९९२ च्या वेस्ट हॅमवाल्यांकडे सभा नव्हती, मतपत्रिका नव्हती. मध्यवर्तुळ हीच त्यांची सभागृहाची जागा झाली.

तिसरा आक्षेप विम्बल्डनवाल्यांनाच विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर माझ्या युक्तिवादातही पुरते बसत नाही. किंग्जमेडो हे मुळात किंग्स्टोनियन या त्याहून लहान क्लबचे घर होते. ए.एफ.सी. विम्बल्डन तिथे मालक झाले, किंग्स्टोनियन भाडेकरू. नव्या प्लाउ लेनसाठी पैसे हवेत म्हणून किंग्जमेडो चेल्सीला विकले गेले आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला ते सोडून दुसऱ्यांच्या मैदानावर आसरा शोधावा लागला. स्वतःचे घर हिरावल्याचे दुःख ज्यांनी अकरा वर्षे भाड्याच्या मैदानावर आणि नंतर आयोगासमोर भोगले, त्यांच्याच मतांनी दुसऱ्या कुणाचे घर विकले गेले. मत देण्याचा हक्क सभासदांना होता. किंग्स्टोनियनचे पाठीराखे त्या संस्थेचे सभासद नव्हते, म्हणून त्यांना तो नव्हता. प्लाउ लेनच्या विटांत रोखेधारकांच्या बचतीइतकेच त्या विक्रीचे पैसेही आहेत.